‘रिती कांडी’ आणि शहापूरचा छापखाना

माझी ‘रिती कांडी’ ही कादंबरी छापून हातात आली. लिहायला नऊ वर्षं लागली, छापायला साडेचार महिने. पानं 256, किंमत 320 रुपये. कादंबरीत काय आहे ते सांगतेच, पण त्याआधी ज्या छापखान्यानं ती छापली, शिवली, कापली त्याच्याबद्दल लिहायचं आहे. बेळगावात मराठी पुस्तक काढलं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘पुण्याला दिला काय कोल्हापूरला?’ मी बेळगावातल्याच शहापुरात दिलं. वडगावातल्या माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर.

छापखान्याचं नाव लिहीत नाही, कारण मालकांनीच तसं सांगितलंय. ‘नाव घालू नका बाई. फोन सुरू झाले की हातातलं काम ऱ्हातंय.’ एक ऑफसेट मशीन, एक मशीनमन, एक टायपिंगची मुलगी, आणि बांधणीला दुपारनंतर येणाऱ्या तीन बायका, एवढाच संसार. वर्षभर तिथं लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांचे पेपर आणि वास्तुशांतीची आमंत्रणं छापली जातात, निम्मी कन्नडमध्ये, निम्मी मराठीत. माझ्याआधी त्यांनी पुस्तकं म्हणून फक्त आरत्यांचे संग्रह आणि एका पतसंस्थेचे अहवाल केले होते. कादंबरी पहिलीच. हे त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं, लपवलं नाही, म्हणून माझा विश्वास बसला.

तरी आधी मी बाहेरगावच्या एका प्रकाशकाकडं गेलेच होते. त्यांनी हस्तलिखित ठेवून घेतलं, सात महिन्यांनी उत्तर दिलं. एक लाख दहा हजार रुपये भरायचे, 500 प्रती निघणार, त्यातल्या 100 मला. पैशाचं मी कदाचित बघितलंही असतं, निवृत्तीचे थोडे होते. पण सोबत पहिली चाळीस पानं ‘संपादित’ करून आली होती, ती वाचून मी दोन दिवस जेवले नाही. माझी नायिका ‘मी येतो’ म्हणते. ‘मी सकाळीच जेवलो की ओ’ म्हणते. तिथं प्रत्येक ठिकाणी लाल शाईनं ‘येते’, ‘जेवले’ केलेलं, आणि समासात लिहिलेलं, ‘स्त्री पात्र, लिंगदोष.’

आता आमच्याकडं बायका असंच बोलतात. माझी आई बोलते, शेजारची बोलते, खानापूर बाजूची बोलते, पलीकडं चंदगडातही बोलतात. बाई ‘मी जातो’ म्हणाली म्हणून तिचं बाईपण कुठं जात नाही. सदतीस वर्षं मी प्राथमिक शाळेत मराठी शिकवली, फळ्यावर ‘मी जाते’ लिहिलं आणि घरी येऊन ‘मी जातो’ बोलले. मला दोन्ही येतं. कोणतं कुठं वापरायचं हेही येतं. 1946 साली ज्या गावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, त्या गावच्या बायकांच्या बोलण्याला दोष म्हणायचं? मी हस्तलिखित परत मागवलं.

कादंबरी कांड्या भरणाऱ्या बाईची आहे. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसणारी सुताची छोटी नळी. धोटा इकडून तिकडं पळतो, तिच्यावरचं सूत सुटत जातं, त्याचा बाणा, म्हणजे कापडातला आडवा धागा, होतो. माग चालवणारा रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसतो. कांड्या भरणारी आतल्या खोलीत असते, एका हातानं चरख्याचं चाक आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत सूत. सूत सैल सुटलं की कांडी फुगते आणि धोट्यात अडकते, घट्ट ओढलं की तुटतं. वडगाव, खासबाग, शहापुरात अशी घरं गल्लीगल्लीत होती. हातमाग जाऊन यंत्रमाग आले, खटखट वाढली, कांड्या जास्त लागायला लागल्या, आणि आतली बाई तिथंच राहिली. माझी आई ती बाई होती. तिच्या उजव्या अंगठ्याच्या पेराला सुतानं पडलेली खाच अजून आहे, नखानं चाचपली तर लागते. मी चौथीत असल्यापासून शाळेतून आल्यावर तिच्याजवळ बसायची, रित्या कांड्या टोपलीत गोळा करायची. पुस्तकाचं नाव तिथून आलंय.

तर शहापूर. मागच्या ऑगस्टच्या शेवटी मी अकरा वह्या पिशवीत घालून गेले. मालकांनी एक वही उघडली, दोन पानं उभ्या उभ्या वाचली. मग बसून चार वाचली. म्हणाले, ‘आमच्या आज्जीचं बोलणं हाय हे. काय बदलायचं नाही नव्हे?’ मी म्हटलं, एक अक्षर नाही. त्यांनी वही बंद केली आणि हिशोबाचा कागद काढला.

टायपिंग करणारी मुलगी कन्नड घरातली. शिकली कन्नड शाळेत, मराठी शिकली गल्लीत खेळता खेळता, आणि मराठी टायपिंग शिकली लग्नपत्रिका करता करता. मला आधी धास्ती वाटली होती हे कबूल करते. कादंबरी कुणी परक्यानं टाईप करायची म्हणजे चुकांचा डोंगर, असं मनात आलं. झालं उलट. सरावलेला मराठी वाचक शब्दावरून नजर सरकवत जातो, मनातला शब्द वाचतो. ही पोरगी अक्षर अन् अक्षर बघून टाईप करायची, त्यामुळं वहीत जे होतं तेच पडद्यावर आलं. ‘येतो’ला ‘येतो’च राहिला. उलट माझ्याच चुका तिनं काढल्या. नायिकेच्या धाकट्या भावाचं नाव मी पाचव्या वहीत एक लिहिलं होतं आणि आठवीत दुसरंच. नऊ वर्षांत मला दिसलं नव्हतं.

एकदा मी तिच्या खुर्चीशेजारी बसले होते, तर ती थांबली. ‘टीचर, हे कांडी म्हणजे आमच्यात कंडिकी म्हणतात तेच काय?’ मी म्हटलं तेच गं. तिची आज्जी खासबागात मागावर होती. मग तिनं टायपिंग सोडून मला दाखवलं, आज्जी सुताचं टोक कांडीवर कसं अडकवायची ते, थुंकी लावून, दोन वेढे उलटे. हे मी पुस्तकात लिहिलं नव्हतं. आईला घरी येऊन विचारलं, तर ती म्हणाली, ‘मग काय कोरड्या सुताला धरून बसतंय?’ दुसऱ्या प्रुफात ती ओळ घातली. पान 31 वर आहे.

तांत्रिक भागात एकच मोठी अडचण आली, आणि ती पुस्तक काढणाऱ्या प्रत्येकानं ध्यानात घ्यावी. शेवटची तीन प्रकरणं मी मोबाईलवर लिहिली होती. तो मजकूर युनिकोडमध्ये, छापखान्याचा फॉन्ट जुना. एकातून दुसऱ्यात नेताना बाकी सगळं नीट आलं, पण ‘ऱ्या’ मोडला. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’, ‘सुऱ्या’चं ‘सुर्या’, ‘नवऱ्याला’चं ‘नवर्याला’. आमच्या लेखनात ऱ्यांचा काय तोटा! मालक म्हणाले, कोण बघतंय एवढं. इथं मी अडून बसले. ‘दोऱ्या’ आणि ‘सूर्या’तला र एकच नव्हे, उच्चारात जोर वेगळा पडतो, आणि पोरांना मी जन्मभर तेच शिकवत आले. त्या मुलीनं आणि मी मिळून एका रविवारी सगळे शोधून काढले. 214 निघाले. तिनं त्या दिवसाचे जादा पैसे घेतले नाहीत. मी तिला माझ्या आईची एक जुनी पितळी कांडी दिली, ती आता तिच्या कीबोर्डशेजारी असते.

पैशाचं स्पष्ट सांगते, कारण हे कुणी सांगत नाही आणि नवीन लिहिणारे फसतात. टायपिंग आणि मांडणीचे पानाला 40 रुपये, म्हणजे 10,240. कागद, छपाई, मुखपृष्ठ, बांधणी मिळून 500 प्रतींचे 51,000. एकूण 61,240, म्हणजे प्रतीला 122 रुपयांच्या आसपास. आत 70 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 70 ग्रॅम भरणारा) नॅचरल शेड कागद, डोळ्याला पांढराफटक नाही, मागचं अक्षर पुढं दिसत नाही. अक्षराचा आकार मोठा घ्यायला लावला, माझ्या वाचणाऱ्या बायका पन्नाशीच्या पुढच्या आहेत. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, मी स्वतः ऑनलाईन अर्ज करून घेतला. त्याला आपल्या देशात पैसे लागत नाहीत. कुणी त्यासाठी तुमच्याकडून वेगळी रक्कम मागत असेल तर देऊ नका.

मी एका गोष्टीसाठी जादा पैसे मोजले, शिलाईसाठी. नुसत्या डिंकावर चिकटवलेलं पुस्तक स्वस्त पडतं, पण दोनदा उघडलं की पाठ तडकते आणि पानं हातात येतात. आमच्याकडं एक पुस्तक गल्लीत दहा घरं फिरतं. मी म्हटलं फॉर्मे दोऱ्यानं शिवायचे. सोळा पानांचा एक फॉर्मा, असे सोळा फॉर्मे. बांधणीच्या बायकांनी प्रत्येक प्रत हातानं शिवली. मी दोन दुपारी तिथं बसून बघितलं. एक जण हाडाच्या पट्टीनं घडी दाबते, एक जण लांब टेबलाभोवती फिरत ओळीनं ठेवलेल्या ढिगांतून एक एक फॉर्मा उचलते, एक जण शिवते. सुई आतून बाहेर, पुढच्या फॉर्म्यात, परत आत. बघताना मला धोटाच दिसत होता.

उशीर झाला, हे लिहायलाच हवं. दिवाळीच्या आत देतो म्हणाले होते. दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं आणि लग्नपत्रिकांची रीघ लागली. पत्रिकेला तारीख असते, कादंबरीला नसते, म्हणून माझं काम रोज मागं. डिसेंबरात मी तीनदा जाऊन रिकाम्या हातानं आले. एकदा तर रागानं बोलले, मालकही बोलले. मला संमेलनांचा हंगाम गाठायचा होता. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमानी, बेळगुंदी, थंडीत आमच्या गावागावांत मराठीची संमेलनं भरतात, ग्रंथदिंडी निघते, मांडवाच्या कडेला पुस्तकांची टेबलं लागतात. तिथं पुस्तक नसेल तर मग वर्षभर घरात गठ्ठे. शेवटी संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात रिक्षातून गठ्ठे आले. एखाद्यानं तिथं काम द्यायचं ठरवलं तर मे-जूनमध्ये हस्तलिखित द्यावं आणि पाऊसकाळात काम उरकून घ्यावं. मालकांचंही हेच म्हणणं आहे.

मुखपृष्ठावर इरकलीचा टोप पदर आहे, लाल जमिनीवर पांढरे दाते. पहिला नमुना आला तो वांग्याच्या रंगाचा. मी आईची इरकल नेऊन टेबलावर पसरली, तेव्हा कुठं खरा लाल सापडला. मुखपृष्ठाला मॅट लॅमिनेशन केलंय ते मात्र मला आता पटत नाही. दिसायला छान, पण बोटांचे ठसे आणि नखाचे ओरखडे लगेच उठतात. पुढच्या वेळी ग्लॉसी.

आता मोठी चूक. प्रती आल्याच्या तिसऱ्या दिवशी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन, ‘बाई, नायिका पुण्याला जायला बसली आणि परत घरातच कशी?’ मी उघडून बघितलं. पान 144 नंतर परत 129. नववा फॉर्मा दोनदा आणि दहावा गायब. कादंबरीतला सगळ्यात मोठा प्रसंग दहाव्या फॉर्म्यात आहे, जिथं ती पहिल्यांदा स्वतः मागावर बसते. माझ्या पायाखालची जमीन सरकली. त्याच पावली छापखान्यात गेले.

मालकांनी पुस्तक हातात घेतलं, बघितलं आणि काही बोलले नाहीत. बांधणीच्या बायकांना बोलावलं. जुळवणीच्या दिवशी वीज गेली होती, अंधारात नवव्या फॉर्म्याचा एक उरलेला ढीग दहाव्याच्या जागेवर ठेवला गेला होता. टेबलाभोवती फिरणाऱ्या बाईचा चेहरा पडला. तिला वाचता येत नाही, ती फॉर्म्याच्या पहिल्या पानाखालचा बारीक आकडा बघून ओळखते, आणि अंधारात 9 काय 10 काय. मला वाटलं होतं मालक तिच्यावर ओरडतील. ते म्हणाले, ‘चूक माझी. कंदील लावून जुळवणी करायला मी सांगितलो.’

छापखान्यात पडून असलेल्या आणि माझ्या घरातल्या सगळ्या प्रती आम्ही चौघांनी एक एक उघडून तपासल्या. 37 खराब निघाल्या. दहाव्या फॉर्म्याचे जादा कागद त्यांनी जपून ठेवले होते. पाठ सोलून, शिलाई उसवून, फॉर्मा बदलून, परत शिवून, नवीन मुखपृष्ठ घालून चार दिवसांत 37 प्रती दिल्या. एक रुपया घेतला नाही. आणि त्यांनी एक गोष्ट केली ती मला फार आवडली. आता प्रत्येक फॉर्म्याच्या पाठीच्या घडीवर एक छोटी काळी रेघ छापायची, प्रत्येकाची थोडी खाली. फॉर्मे जुळवले की पाठीवर पायऱ्यांसारखी तिरकी ओळ दिसते, आणि एक पायरी चुकली तर वाचता न येणाऱ्यालाही लांबून कळतं. ती बाई मला म्हणाली, ‘आता अंधारातबी हातावर घेऊन बघतो की.’ बाई म्हणाली, ‘बघतो.’

पहिली चांगली प्रत आईला दिली. ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, वाचत नाही. तिनं पुस्तक मधोमध उघडलं, दोन पानांच्या मधल्या घडीत बोट घातलं आणि शिलाईचा दोरा नखानं उचलून बघितला. ‘सुती न्हवं. खरं पीळ चांगला हाय. सुटायचा नाही.’ छापखान्याला याहून मोठी पावती मी देऊ शकत नाही. हे मालकांना सांगितलं, तर ते आत गेले आणि मशीनमनला, त्या मुलीला, बायकांना ओरडून सांगून आले.

प्रकाशन वडगावातल्या आमच्या अंगणात झालं. मांडव नाही, हार नाही, शंभरेक माणसं आणि खायला कुंदा. पहिलं प्रकरण मी वाचलं. छापखान्याची सगळी माणसं त्या दिवशी मशीन बंद ठेवून आली होती. गणपत गल्लीतल्या सार्वजनिक वाचनालयालाही दोन प्रती द्यायच्या आहेत. 1848 साली सुरू झालेल्या त्या वाचनालयातून मी मुलगी असताना पुस्तकं आणून चुलीपुढं वाचायची. तिथल्या कपाटात माझं पुस्तक उभं राहणार या विचारानंच मला भरून येतंय.

पुस्तक कसं मिळेल ते सांगते. संमेलनांत माझं टेबल असतं, तिथं 250 रुपयांना देते. बाहेरगावी टपालानं पाठवते. टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ 1 मे 2025 पासून सुरू झाली आहे, पुस्तकांसाठीच. 300 ग्रॅमला 20 रुपयांपासून 5 किलोला 100 रुपयांपर्यंत दर, वर कर. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं असायला लागतं, आपलं आहे. ‘रिती कांडी’ 290 ग्रॅम भरते. पुठ्ठा लावला की 300 च्या वर जाते, म्हणून मी नुसत्या खाकी कागदात गुंडाळून सुतानं बांधते. सूत आईचंच, माळ्यावर अजून दोन रिळं आहेत.

आणि एक महत्त्वाचं. तपासणीच्या आधी माझ्या घरातून 62 प्रती गेल्या होत्या. त्यातल्या काहींमध्ये दहावा फॉर्मा नसणार. ज्यांनी संक्रांतीच्या सुमारास पुस्तक घेतलंय त्यांनी कृपा करून पान 144 उघडून बघावं. पुढं 145 असेल तर निवांत वाचा. 129 असेल तर पुस्तक घेऊन घरी या, नाहीतर कुणाच्या तरी हाती वडगावला पाठवा. नवीन प्रत देते, आणि चहा पिऊन जा. आतापर्यंत नऊ जणांनी आणून दिल्या आहेत. त्या नवांची पाठ सोलायचं काम या गुरुवारी छापखान्यात आहे, मीही जाणार आहे शिवायला.